लेबलावरचा ठिपका

आमच्या ताईला गल्लीत किडेताई म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण माझ्या शिलाई मशीनपुढे बसून बायका काय काय बोलतात ते मला ऐकू येतं. "तुमच्या ताई नक्की करतात तरी काय हो?" असं एखादी नवी बाई माप देता देता विचारते, आणि मी सांगते, "चिखल निवडतात." बाई हसते. मी हसत नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही. लोक धान्य निवडतात तसा माझ्या थोरल्या बहिणीनं एकतीस वर्षं समुद्राच्या तळाचा चिखल निवडला, आणि त्यापायी मान, डोळे आणि बरीचशी कंबर घालवली.

समुद्राचा अभ्यास करणारी संस्था आहे, तिथं तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत तिचं टेबल होतं. बोटीवरून चिखलाच्या बादल्या यायच्या. तो चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून पाणी मारून धुवायचा. वर जे उरेल ते बरणीत भरून त्यावर औषध ओतायचं आणि गुलाबी रंग घालायचा. जे कधीकाळी जिवंत होतं ते रंग धरतं, वाळू नि शिंपले कोरे राहतात. मग महिनोन् महिने त्या बरणीतला एकेक चमचा काचेच्या बशीत घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्यानं गुलाबी जीव वेचून काढायचे. बहुतेक किडेच. अंगाच्या दोन्ही कडांना राठ केसांचे झुबके असलेले, कुणी दोऱ्याएवढे, कुणी पापणीच्या केसाएवढे. ते केस कसे वळलेत, टोकाला दाते आहेत की नाहीत, यावरून जात ठरते. ताईची बोटं बाराही महिने गुलाबी असायची. माझ्या गिऱ्हाइकांना वाटायचं, या वयात बाई नखं रंगवते.

त्यातल्या एका कुळातल्या किड्यांवर तिचा विशेष जीव. त्यांना ती बांबूकिडे म्हणते. अंगाची वळी लांबट, पेरांसारखी, म्हणून बांबू. हा प्राणी चिखलात उभी नळी बांधतो आणि जन्मभर तिच्यात उलटा राहतो, डोकं खाली, शेपूट वर. मी एकदा म्हटलं, "म्हणजे तुझ्यासारखाच." त्यावर ती इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. एरवी ती घरी यायची ती दमूनच. तीन जिने चढून आली की दारातल्या खुर्चीवर बसायची, आणि दहा मिनिटं तिच्याशी कुणी बोललेलं तिला चालायचं नाही.

मी या घरात आले त्याला अठरा वर्षं झाली. अकरा मार्चला. लोक लग्नाची तारीख लक्षात ठेवतात, मी लग्न सोडल्याची ठेवली आहे. एका पिशवीत मावलं तेवढं घेऊन बसस्टँडवर उतरले आणि तिथून संस्थेत फोन लावला. शिपाई तिला बोलवायला गेला. ती फोनवर आली तशी मी म्हटलं, "ताई, मी आलेय. आता परत जाणार नाही." तिनं का म्हणून विचारलं नाही. "तिथंच थांब, हलू नकोस," एवढंच म्हणाली. तासाभरात आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत वाळलेल्या चिखलानं माखलेले होते. हात धुतल्याशिवाय पाण्याच्या ग्लासालाही न शिवणारी ही बाई. मला तेव्हा ते दिसलं, पण कळलं नाही. माझं मलाच जड झालं होतं. आजतागायत तिनं मला का म्हणून विचारलेलं नाही, याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे आणि तसं तिला कधी म्हटलेलं नाही.

आता त्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हे किडे चाळणीवर पाणी मारताना तुटतात. बशीत येतात ते तुकडे. मग किती किडे सापडले हे ठरवायचं कसं? तर डोकी मोजायची. जितकी डोकी, तितके किडे. शेपट्या मोजत नाहीत. शेपट्या एका वेगळ्या बाटलीत जातात आणि त्या बाटलीकडे पुढं कुणी ढुंकून बघत नाही.

ताईला हे बघवायचं नाही. तिनं स्वतःहून एक उद्योग सुरू केला, शेपटीचं डोकं शोधायचा. जाडी बघायची, तुटलेली कड बघायची, पेरं मोजायची. बांबूकिड्याच्या एका जातीत पेरं ठरलेली असतात, म्हणजे डोक्याकडची नऊ आणि शेपटीकडची दहा मिळून एकोणीस भरली तर जोडी जमण्यासारखी. जमली की दोन्ही तुकडे एका कुपीत ठेवायचे आणि आत लेबल टाकायचं. लेबल कुपीच्या आत असतं आणि पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. तिच्या या जोड्यांचं संस्थेत कौतुक होतं. मी शिवणारी बाई, मला ते आपल्यातलंच वाटायचं. तिची एक खूण मात्र तिच्यापुरतीच होती. जोडी पक्की असली तर लेबलाच्या कोपऱ्यात बारीक रेघ. नुसता अंदाज असला तर ठिपका.

मागल्या वर्षी संस्थेतल्या सरांनी जुनी कपाटं लावायला काढली. हे सर किड्यांतले जाणकार, वयानं ताईपेक्षा दहा वर्षांनी लहान, तिला तेही ताईच म्हणतात. कपाटाच्या मागल्या फळीवर त्यांना एक कुपी सापडली. आत ताईनं कधीकाळी जोडी लावलेला बांबूकिडा, दोन तुकड्यांत. डोक्यावर झाकणासारखी चकती, तिच्या कडेला खाचा. ही चकती ओळखीची होती. पण शेपूट असं, की सरांनी ताईला जिन्याखालच्या खोलीतून वर बोलावून घेतलं. शेपटीच्या टोकाला नरसाळं, नरसाळ्याच्या काठावर झालर, आणि झालरीत एक लांब धागा, मग दोन आखूड, परत एक लांब, असं गोल फिरत गेलेलं. सर म्हणाले, "ताई, असं डोकं आणि असं शेपूट एकत्र आजवर कुणालाही सापडलेलं नाही. ही नवी जात आहे."

पुढं आठ महिने त्या एका किड्यावर काम चाललं. नव्या जातीचं वर्णन लिहायचं म्हणजे काय असतं, ते मी रोज जेवताना ऐकलं. जगातल्या सगळ्या बांबूकिड्यांची वर्णनं काढायची, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचीसुद्धा, आणि हा त्यांतला एकही नाही हे सिद्ध करायचं. प्रत्येक पेराची लांबी, प्रत्येक झुबक्यातल्या केसांची संख्या. चित्रं ताईनं काढली. सर तिला तुकडा बशीत काढून द्यायचे. सूक्ष्मदर्शकाला एक नळी जोडलेली असते, तिच्यातून एकाच वेळी किडाही दिसतो आणि कागदावरची पेन्सिलही. एक डोळा मिटून ती तासन् तास काढत बसायची. चार पानं झाली. संध्याकाळी घरी आली की मिटलेला डोळा लवकर उघडायचा नाही.

आणि मग एके दिवशी सर म्हणाले की जातीला नाव तुमचं द्यायचं.

असं करतात. शोधणाऱ्याच्या नावाला लॅटिन वळण देऊन किड्याच्या मागं लावतात आणि ते नाव मग कुणाला पुसता येत नाही. ज्या एका नमुन्यावरून वर्णन केलं तो मूळ नमुना, तो कपाटात कायमचा जपायचा, दोनशे वर्षांनी कुणाला शंका आली तरी त्याला तो काढून बघता यावा म्हणून. ताईनं घरी येऊन मला हे सांगितलं ते पाणी पिता पिता, जसं काही दुधाच्या पिशव्या उद्या उशिरा येणार आहेत. पण दोन दिवसांनी चहाच्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मला एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. तिच्या त्या सुबक, मुंगीएवढ्या अक्षरात ते लॅटिन नाव. डबा आम्ही दोघीच उघडतो. एकतीस वर्षांत त्या संस्थेनं छापलेल्या कागदांवर तिचं नाव कधी आलं नव्हतं. आलंच तर शेवटी आभारात, बोटवाल्यांच्या बरोबरीनं. त्या बाईला आयुष्यात कशाची हाव धरलेली मी पाहिली नव्हती. ही एक धरली. आणि मला इतका आनंद झाला की त्या आठवड्यात मी दोन गिऱ्हाइकांच्या बाह्या उलट्या लावल्या.

वर्णनाचा लेख छापण्याआधी तपासायला परीक्षकांकडे गेला आणि परत आला. सगळं ठीक, फक्त एक चित्र कमी आहे, असं त्यांचं म्हणणं. डोक्याकडचा भाग दाखवलात, शेपटीकडचा दाखवलात, पण मधला, जिथं किडा तुटला आहे तो, नववं आणि दहावं पेर, तेही दाखवा. ताईच्या निवृत्तीला तेव्हा चार महिने उरले होते. सर सभेला गेले होते, म्हणून कुपी तिनं स्वतःच उघडली.

आत सरांनी छापलेलं नवं लेबल होतं, आणि त्याच्यामागं वळकटी होऊन बसलेलं जुनं. जुनं लेबल कधी टाकून द्यायचं नाही, हा नियम. तिनं ते चिमट्यानं उलगडलं. अक्षर तिचंच. कोपऱ्यात ठिपका.

हे सगळं तिनं मला त्या संध्याकाळी सांगितलं. खुर्चीवरची दहा मिनिटं झाली, वीस झाली, मग मीच मशीन थांबवलं.

"काय झालं गं?"

"माझा किडा नाहीये तो," ताई म्हणाली.

मला आधी वाटलं, कुणी दुसऱ्यानं नाव पटकावलं. पदर खोचून भांडायची माझी तयारी झाली होती. मग तिनं सांगितलं. ठिपका बघून तिनं दोन्ही तुकड्यांच्या तुटलेल्या कडा बशीत समोरासमोर ठेवल्या आणि भिंग वाढवून पोटात बघितलं. हा किडा चिखल खातो, त्यामुळे तुटल्या जागी त्याच्या आतड्यात खाल्लेलं दिसतं. डोक्याकडच्या तुकड्यात काळा मऊ चिखल होता. शेपटीकडच्या तुकड्यात पांढरी वाळू, शिंपल्याचा चुरा.

"डोक्यानं चिखल खाल्लाय आणि शेपटीत वाळू आहे. एक किडा दोन ठिकाणी जेवत नाही."

"पण एकाच बादलीत कसे आले मग?"

"लेबलावरच्या तारखेला दोन बादल्या धुतल्या होत्या. आधी वाळूची, मग चिखलाची. एकाच चाळणीत. मधे चाळणी धुवायची असते. उलटी धरून, ब्रश मारून, उजेडाकडे करून बघायची. मग वहीत खूण करायची. वहीत त्या दिवसाची खूण नाही."

"तू? तू चाळणी न धुता ठेवलीस?" चहाचा कप तीनदा विसळणारी बाई ती. "कशी काय?"

"राहिली एक दिवस," असं म्हणून ती आत तोंड धुवायला गेली.

असं डोकं आणि असं शेपूट एकत्र आजवर कुणाला सापडलं नव्हतं, यात नवल ते काय! ती दोन किड्यांची होती. आधीच्या बादलीतलं शेपूट चाळणीच्या भोकात अडकून राहिलं आणि पुढच्या बादलीत उतरलं. आता मला हसू येतं. तेव्हा आलं नाही. तेव्हा मी जे बोलले ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. तोंड पुसत ती बाहेर आली तशी मी म्हणाले, "ठिपक्याचं तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

"कुणाला नाही."

"मग काढ ना चित्र. दे पाठवून. कुणाचं काय बिघडतंय? एका किड्याचं तर नाव आहे! समुद्रातले किडे येणारेत का तक्रार घेऊन?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. राग येण्याइतकाही तिच्यात जोर नव्हता.

"मला हवं होतं गं ते नाव," ताई म्हणाली. "तुला खोटं कशाला सांगू? फार हवं होतं. पण उद्या कुणीतरी तो किडा शोधत बसेल. माझ्यासारखीच एखादी. चमचा-चमचा चिखल उपसत, मान मोडून, वर्षानुवर्षं. आणि तो नाहीच आहे. तिला मी काय सांगू?"

मी मशीन सुरू केलं. एक अख्खी शिवण वाकडी गेली, ती उसवत बसले.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना सांगितलं. सरांनी दोन्ही तुकडे बघितले, वही बघितली, लेबल बघितलं. मग म्हणाले, "ताई, हा ठिपका म्हणजे कचरासुद्धा असू शकतो. पेन्सिल नुसती टेकली असेल." ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांचेही आठ महिने त्यात गेले होते. तीही दमलेली, तेही दमलेले, आणि समोर बशीत तो दीड इंचाचा घोळ. ताई म्हणाली, "सर, ठिपका माझा आहे. मी ठेवला तेव्हा मला शंका होती म्हणूनच ठेवला." सरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि लेख परत मागवायचं पत्र लिहायला घेतलं.

डोकं ओळखीच्याच जातीचं निघालं, शंभर वर्षांपूर्वी वर्णन झालेल्या. शेपूट मात्र खरंच कशात बसेना. लांब-आखूड धाग्यांची ती झालर कुठल्याच पुस्तकात नव्हती. म्हणजे नवी जात खरोखरच होती, पण नुसत्या शेपटीवर नाव देता येत नाही. डोकं हवं. ताईनं अठरा वर्षांपूर्वीच्या त्या वाळूच्या बादलीची बरणी कपाटातून काढली आणि उरल्यासुरल्या गाळातला कण न् कण परत निवडला. तीन आठवडे. चार डोकी सापडली, चारही ओळखीची. सर म्हणाले, "पुढं कधीतरी सापडेल, तेव्हा तुमचंच नाव देऊ." ती हो म्हणाली. दोघांनाही ठाऊक होतं की त्या टेबलावर आता नवीन माणूस नेमणार नाहीत. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं चहाच्या डब्याच्या झाकणातली चिठ्ठी नखानं खरवडून काढली. डिंक तेवढा राहिला.

शेवटच्या दिवशी सामान आणायला मी संस्थेत गेले. एकतीस वर्षांचं सामान म्हणजे एक उशी, दोन चिमटे, एक कप आणि जुना स्वेटर. जिन्याखालच्या त्या खोलीत मी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. टेबलाची कड तिच्या मनगटांनी गुळगुळीत झालेली. समोरच्या स्टँडवर एकच कुपी होती, आणि तिच्यात ते शेपूट, गुलाबी, इवलंसं. "बघायचंय?" तिनं विचारलं आणि बशीत काढून मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. मी वर्षानुवर्षं लेस लावते, जरीकाठ लावते, पण अशी झालर मी पाहिली नाही. बघता बघता मानेत कळ आली, तरी हलवेना.

"आणि हे लेबल," ती म्हणाली. "नवं लिहिलंय. हे आता आत राहणार." तिनं भिंग माझ्या हातात दिलं.

मुंगीएवढी अक्षरं. 'शेपूट. डोकं सापडलेलं नाही. वाळूच्या नमुन्यातलं, चाळणी न धुतल्यानं चिखलाच्या नमुन्यात आलं. चूक माझी.' खाली तिचं पूर्ण नाव. लॅटिन वळण नसलेलं, आमच्या बाबांनी ठेवलेलं. दोनशे वर्षांनी कुणाला शंका आली आणि त्यानं ती कुपी उघडली, तर त्याला ते नाव वाचता येईल. आणि नावाच्या वर, नियमाप्रमाणे, तो नमुना चाळल्याची तारीख.

अकरा मार्च. साल तेच.

मी भिंग खाली ठेवलं. कोपरापर्यंत वाळलेला चिखल डोळ्यांपुढं आला. शिपाई बोलवायला आला तेव्हा तिच्या हातात काय होतं, परत जाऊन उरलेली बादली तिनं कशी घाईघाईनं उरकली असेल, ते सगळं आलं. चार महिने या बाईनं मला काही कळू दिलं नव्हतं, आणि मी मात्र तिला विचारत होते, कशी काय राहिली म्हणून.

"ताई, हे पुरं कर," मी म्हटलं. "चूक माझी काय लिहितेस? लिही ना, की बहीण बसस्टँडवर थांबली होती."

तिनं लेबलाची वळकटी केली, चिमट्यानं कुपीत सोडली आणि बूच लावलं.

"लेबलावर तेवढी जागा नसते," ती म्हणाली. "चल, उशी घे. मला जिने चढायचेत."